एस्टीम-जिप्सीचं तेराशे इंजिन: रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी बांधताना

मारुती एस्टीम एमपीएफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल घेणारी), जिप्सी किंग एमपीएफआय आणि २००५ ची पहिली पेट्रोल स्विफ्ट या तिन्ही गाड्यांत सुझुकीचं एकच इंजिन होतं: जी१३बीबी. १२९८ सीसी, एकच कॅम, १६ व्हॉल्व्ह, ७४ मिमी बोअर आणि ७५.५ मिमी स्ट्रोक. कंपनीतून ते गाडीनुसार ८० ते ८७ बीएचपी देत असे. ब्लॉक अॅल्युमिनियमचा आणि आत बिडाचे लायनर, त्यामुळे इंजिन हलकं. एलजीबी फॉर्म्युला स्विफ्ट या भारतीय स्पर्धेच्या रेसिंग कारमध्येही हेच बसवत. सुटे भाग अजून मिळतात आणि हात बसलेले मिस्त्रीही आहेत. रोज चालवायची आणि वर्षातून चार-दोनदा कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टाईच्या ट्रॅकवर न्यायची गाडी असेल, तर यापेक्षा बरा पाया शोधून सापडणार नाही.

बहुतेक लोक इंजिन बांधायला काढताना ‘ताकद किती वाढेल’ हे आधी विचारतात. ट्रॅकवर इंजिन मरतं ते ताकद कमी पडून नव्हे. ऑइल तुटतं, बेअरिंगची फट चुकलेली असते, नाहीतर हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडून मिश्रण पातळ होतं. म्हणून या लेखात कॅम आणि एक्झॉस्टला थोडी जागा आहे, मोजमापाला भरपूर.

उघडण्याआधी

इंजिन गरम करून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. १४ किलो प्रति चौ.सेंमी हे चांगल्या इंजिनाचं, १२ ही खालची हद्द, आणि चार सिलिंडरमध्ये एकापेक्षा जास्त फरक नको. जमल्यास लीकडाउन टेस्टही करा, म्हणजे सिलिंडरमध्ये दाबाची हवा भरून ती कुठून गळते ते बघा. हवा इनटेकमधून फुसफुसली तर इनटेक व्हॉल्व्ह, सायलेन्सरमधून आली तर एक्झॉस्ट, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंगा, आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर गॅस्केट किंवा हेड. उघडल्यावर ही माहिती पुन्हा मिळत नाही.

मूळ इंजिनाची जागा नव्याने भरताय आणि दुसऱ्या गाडीचं इंजिन आणलंय, तर इंजिन नंबर आरसीवर बदलून घ्यावा लागतो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीतल्या फेरफारांबद्दलच आहे. हे काम सगळं झाल्यावर नव्हे, इंजिन विकत घेतानाच कागद बघून करायचं.

खोलताना प्रत्येक कनेक्टिंग रॉड आणि त्याच्या कॅपवर सिलिंडर नंबर मारा. क्रँक ब्लॉकला धरून ठेवणाऱ्या मेन कॅप कधीच अदलाबदल करू नयेत, कारण ब्लॉकसकट एकत्र बोअर केलेल्या असतात. पिस्टन वर ढकलण्याआधी बोअरच्या तोंडाशी आलेली कडा काढा, नाहीतर पिस्टनवरचा रिंगेचा घाट फुटतो. रॉडच्या बोल्टांवर रबरी नळीचे तुकडे चढवा. उघडा बोल्ट क्रँकच्या जर्नलला (बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत गोल भागाला) एकदा घासला की ओरखडा राहतोच.

जुनी बेअरिंग फेकू नका, ओळीने मांडून वाचा. एकाच बाजूला झीज असेल तर रॉड वाकलेला. सगळ्यांच्या मधोमध तांबं उघडं पडलं असेल तर ऑइल कमी पडलं. बारीक टोचे आणि रुतलेले कण दिसले तर आत घाण गेली. ती कुठून गेली हे शोधल्याशिवाय नवी बेअरिंग टाकली तर तीही तशीच जातात.

मशीन शॉप

कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्यात चांगली शॉप आहेत, पण काम कसं हवं ते लिहून द्या. ‘बोअर मारून द्या’ एवढंच सांगितलं तर ट्रकच्या इंजिनाला चालेल असंच काम मिळेल.

आधी पिस्टन विकत घ्यायचे, मग बोअर. ओव्हरसाइज ०.२५ आणि ०.५० मिमी मिळतात. पिस्टन स्कर्टच्या खालच्या कडेपासून साधारण १५ मिमी वर, पिनला काटकोनात मायक्रोमीटरने मोजा, आणि प्रत्येक बोअर त्याच्या त्याच्या पिस्टनच्या मापाला करून घ्या. कंपनीची फट ०.०२ ते ०.०४ मिमी. ट्रॅकवर उष्णता जास्त, म्हणून कास्ट पिस्टनला ०.०३५ ते ०.०४५ ठेवा. फोर्ज्ड पिस्टन घेतलेच, तर फट पिस्टन बनवणारा सांगेल ती. ती यापेक्षा जास्त असते आणि थंड इंजिन थोडं खडखडतं. सात हजार आरपीएमला या स्ट्रोकवर पिस्टनचा सरासरी वेग १७.६ मीटर प्रति सेकंद भरतो. टर्बो नसलेल्या इंजिनात एवढ्यासाठी फोर्ज्ड पिस्टनांवर पैसा घालण्याची गरज नाही.

बोअर ताकदीसाठी मारत नाहीत हेही इथेच सांगायला हवं. ०.५० ओव्हरसाइजने इंजिन १२९८ वरून १३१६ सीसी होतं. अठरा सीसी. झिजलेली भिंत सरळ करणं एवढाच त्याचा उपयोग, म्हणून ०.२५ ने काम भागत असेल तर पुढे जाऊ नका. लायनर जितका जाड तितका बरा.

होनिंगच्या वेळी (बोअरची भिंत दगडाने घासताना) ब्लॉकवर टॉर्क प्लेट, म्हणजे हेडऐवजी बोल्टांनी आवळायची जाड प्लेट, बसवून घ्या. प्लेट नसेल तर जुनं गॅस्केट आणि जाड स्टीलची पट्टी बनवून घेता येते. हेड बोल्ट आवळल्यावर अॅल्युमिनियमचा ब्लॉक हलतो आणि मोकळा असताना गोल मारलेला बोअर बांधल्यावर अंडाकृती होतो. मग रिंगा कितीही महाग असल्या तरी ऑइल खातात. भिंतीवर उमटणाऱ्या रेघांची जाळी सुमारे ४५ अंशांची, मोलीच्या (मोलिब्डेनमचा लेप असलेल्या) रिंगांना २८० ग्रिटचा दगड, साध्या बिडाच्या रिंगांना २२०. प्रत्येक बोअर तीन उंचींवर आणि दोन दिशांना बोअर गेजने मोजून, आकडे कागदावर लिहून घ्या. नव्या बोअरमध्ये ०.०१ मिमीपेक्षा जास्त फरक दिसला तर ब्लॉक परत पाठवा.

क्रँकला आधी क्रॅक टेस्ट, मग माप. जर्नल चांगला असेल तर नुसतं पॉलिश. ग्राइंड करावा लागला तर ०.२५ अंडरसाइजचे बेअरिंग मिळतात, पण जर्नलच्या कोपऱ्यातली गोलाई ग्राइंडरवाल्याने सपाट केली तर क्रँक नेमका तिथेच तुटतो. ही गोष्ट बोलून दाखवा. रॉडचे बोल्ट बदलले तर रॉडचं मोठं टोक पुन्हा गोल करून घ्यावंच लागतं, कारण नव्या बोल्टाच्या ताणाने कॅप वेगळी बसते. चारही पिस्टन एका ग्रॅमच्या आत, रॉडची मोठी आणि लहान टोकं वेगवेगळी तोलून दोन ग्रॅमच्या आत. फ्लायव्हील आणि क्लचच्या प्रेशर प्लेटसकट क्रँक बॅलन्स करून घ्या.

मशीन शॉपहून आलेला ब्लॉक स्वच्छ असतो हा गैरसमज. ऑइल गॅलरीचे (ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांचे) सगळे प्लग काढा, लांब ब्रश घाला, आणि बोअर गरम पाणी व भांड्याच्या साबणाने घासा. पेट्रोलने किंवा डिझेलने होनिंगची पूड निघत नाही, ती आणखी छिद्रांत बसते. पांढरं फडकं ऑइलमध्ये भिजवून बोअरवर फिरवा. करडं आलं तर पुन्हा धुवा. फडकं पांढरं राहिलं की लगेच ऑइल लावा, नाहीतर लायनरला तासाभरात गंज धरतो.

बेअरिंगची फट

या कामात घाई करणाऱ्याला माफी नाही.

मेन बेअरिंग ठरवायला ब्लॉकवर ए, बी, सी अशी अक्षरं आणि क्रँकच्या वेबवर १, २, ३ असे आकडे ठोकलेले असतात. दोन्हींच्या जोडीवरून पाच जाडींपैकी एक निवडतात: हिरवा, काळा, बिनरंगी, पिवळा, निळा. हिरवा सर्वांत पातळ, निळा सर्वांत जाड, आणि एका रंगातून दुसऱ्यात फरक फक्त तीन मायक्रॉनचा. ग्राइंड न झालेल्या क्रँकला हाच तक्ता वापरा. पॉलिश झाल्यावर मात्र तक्त्यावर भरवसा नको, मोजा.

कंपनीची मेनची फट ०.०२० ते ०.०४० मिमी आणि रॉडची ०.०२० ते ०.०५०. रेसिंगमध्ये ‘जर्नलच्या प्रत्येक इंचाला एक थाउ (इंचाचा हजारावा भाग)’ हा ठोकताळा चालतो, म्हणजे ४२ मिमीच्या रॉड जर्नलला ०.०४२. रॉडला तो बरोबर बसतो: ०.०४० ते ०.०४५ धरा. मेनला तो जसाच्या तसा लावू नका. अॅल्युमिनियमचा ब्लॉक तापल्यावर लोखंडी क्रँकपेक्षा जास्त फुगतो आणि फट आपोआप वाढते. थंड असतानाच मेन ०.०४५ ठेवले, तर गरम इंजिन आयडलला ऑइल प्रेशर दाखवणार नाही. थंड असताना ०.०३० ते ०.०३५ पुरे.

प्लास्टिगेज (फटीत चिरडून माप दाखवणारा मऊ धागा) पडताळणीला ठीक, निर्णयाला नाही. कॅप पूर्ण टॉर्कला आवळून बेअरिंगचा आतला व्यास बोअर गेजने घ्या आणि जर्नलचा मायक्रोमीटरने. क्रँकची पुढे-मागे हालचाल डायल गेजने ०.११ ते ०.३१ मिमीत हवी. ०.३८ च्या वर गेली तर थ्रस्ट वॉशर बदला. ट्रॅकवर सतत क्लच दाबल्याने हाच वॉशर आधी जातो.

खालचा भाग जोडताना

रिंगांची फट बोअरमध्येच मोजायची, रिंग पिस्टनने सरळ ढकलून. वरच्या रिंगेला ०.३० ते ०.३३ मिमी, दुसरीला ०.३३ ते ०.३७. कमी असेल तर बारीक फाइलने एकाच बाजूने आत घासा. कमी फटीची रिंग ट्रॅकवर तापून टोकाला टोक भिडवते आणि पिस्टनची कडा उडवते. थोड्या जास्त फटीने फक्त जराशी हवा गळते. रिंगेवरची खूण वर, पिस्टनवरचा बाण टायमिंग बेल्टच्या बाजूला, रॉडमधलं ऑइलचं भोक इनटेकच्या बाजूला.

मेन कॅप ५० ते ५७ न्यूटन मीटर, रॉडचे नट ३३ ते ३७. दोन-तीन टप्प्यांत आवळा, आणि प्रत्येक कॅपनंतर क्रँक हाताने फिरवून बघा. जिथे अचानक जड लागेल तिथे थांबून ती कॅप परत काढा. ‘फिरेल मग मोकळा होईल’ म्हणत पुढे गेलेली इंजिनं पुन्हा टेबलावर येतात. वरचे आकडे मूळ नट-बोल्टांचे आहेत. दुसरे बोल्ट लावले तर त्यांच्यासोबतचा आकडा आणि त्यांचंच वंगण.

ऑइल पंप नवा घ्या किंवा फट मोजून जुना घ्या, पण गिअर व्हॅसलिनने भरा. कोरडा पंप सुरुवातीला ऑइल ओढतच नाही. स्ट्रेनरच्या नळीचं सील नवं. तिथून हवा शिरली तर गेजचा काटा थरथरतो आणि लोक विनाकारण बेअरिंग उघडतात.

ऑइल चेंबरमध्ये जेमतेम साडेतीन लिटर ऑइल मावतं. लांब वळणात ते सगळं एका बाजूला चढतं आणि स्ट्रेनर हवा पितो. बेअरिंग जायला दोन सेकंद पुरतात. म्हणून चेंबरमध्ये स्ट्रेनरभोवती पत्र्याचे आडवे-उभे पडदे वेल्ड करून घ्या, आत येणारी आणि बाहेर न जाणारी छोटी झडप असली तर उत्तम. वेल्डिंगनंतर चेंबरचा काठ सपाट आहे का ते काचेवर ठेवून बघा. सिलिकॉन पातळ लावा. आतल्या बाजूला दाबून निघालेला सिलिकॉनचा दोरा तुटून स्ट्रेनरमध्ये अडकलेला खूप इंजिनांत सापडतो.

हेड

सपाटी सरळ पट्टी आणि फिलर गेजने बघा. ०.०५ मिमीपेक्षा जास्त वाक असेल तर फेसिंग. एकदा जास्त तापलेलं हेड असेल तर आधी प्रेशर टेस्ट, मग पैसे खर्च करा. व्हॉल्व्ह गाइड ढिले असतील तर सीट कितीही छान कापली तरी टिकत नाही. त्यामुळे गाइड आधी, सीट नंतर. तीन कोनांची सीट, मधला ४५ अंश. इनटेकची पट्टी एक-सव्वा मिमी, एक्झॉस्टची दीडपर्यंत रुंद ठेवा, कारण एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता त्या पट्टीतूनच बाहेर जाते. रेसिंगच्या नादात ती बारीक केलेले व्हॉल्व्ह जळतात. पोर्ट चकचकीत करण्यात अर्थ नाही. गॅस्केटची कडा आणि पोर्टची कडा जुळवा, सीटखालचा धारदार कंगोरा मोडा, तेवढ्यावर थांबा.

कॉम्प्रेशन वाढवायचं असेल तर हिशेब करूनच. एका सिलिंडरचा आवाका ३२४.७ सीसी. ९ ला १ असेल तर वरची जागा ४०.६ सीसी, १० ला १ हवं असेल तर ३६.१. म्हणजे साडेचार सीसी कमी करायचे. ब्लॉकच्या तोंडावरून ०.१ मिमी काढलं तर ०.४३ सीसी जातं, हेडवरून त्याहून कमी, कारण हेडमधल्या ज्वलन चेंबरचं तोंड पूर्ण बोअरएवढं नसतं. अॅक्रिलिकची चकती आणि ब्युरेट घेऊन चारही चेंबर खरोखर मोजा. अंदाजाने हेड घासून नंतर जाड गॅस्केट शोधत फिरणं फार खर्चाचं. हेड खाली आलं की बेल्टच्या अंतरामुळे कॅम मागे पडतो. अर्धा मिमी काढल्यास क्रँकच्या मापाने साधारण अंशभर. अॅडजस्टेबल कॅम पुली असेल तर ते भरून निघतं. वेगळा कॅम किंवा घासलेलं हेड असेल तर पिस्टनवर मातीचा गोळा ठेवून दोन फेऱ्या हाताने फिरवा, गोळा कापून मोजा. व्हॉल्व्ह आणि पिस्टनमध्ये इनटेकला दीड आणि एक्झॉस्टला दोन मिमी किमान.

कॅम सौम्यच घ्या. शहरात दुसऱ्या गिअरमध्ये झटके खाणारी गाडी दोन महिन्यांत विकायला निघते.

हेड बोल्टांची भोकं हवा मारून पूर्ण कोरडी करा. तळाशी राहिलेलं ऑइल बोल्टाखाली दाबलं गेलं की अॅल्युमिनियम चिरतं, आणि टॉर्क पाना खोटा आकडा दाखवतो. मधून बाहेरच्या क्रमाने ३५, ५५, मग सगळे बाहेरून आत ढिले करायचे, पुन्हा ३५, ५५, आणि शेवटी ६८ न्यूटन मीटर. आटे कमकुवत वाटले तर आत्ताच हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) टाका.

टायमिंग बेल्ट, टेन्शनर आणि वॉटर पंप एकत्रच नवे. क्रँक पुलीच्या बोल्टाकडे खास लक्ष द्या. तो ढिला राहिला की पुलीची चावी क्रँकचा खाचा खात जाते, टायमिंग हळूहळू सरकतं आणि शेवटी क्रँक बाद होतो. सुझुकीच्या या कुळातलं हे जुनं दुखणं आहे. नवा बोल्ट, स्वच्छ आटे, मॅन्युअलमधला पूर्ण टॉर्क. नुसती इम्पॅक्ट गन फिरवून भागणार नाही.

पेट्रोल आणि मिश्रण

ही गाडी बनली तेव्हा ई२०, म्हणजे वीस टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, नव्हतं. शुद्ध पेट्रोलला १४.७ पट हवा लागते, वीस टक्के इथेनॉल असेल तर साधारण १३.५. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे नऊ टक्के जास्त इंधन हवं. सावकाश चालवताना ऑक्सिजन सेन्सर हे सांभाळून घेतो. पूर्ण थ्रॉटलला मूळ ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) सेन्सरचं ऐकत नाही, ठरलेल्या तक्त्याने इंधन देतो, आणि मिश्रण पातळ होतं ते नेमकं ट्रॅकवर. त्यामुळे वाइडबँड (मिश्रण नेमकं मोजणारा) सेन्सर आणि ट्यूनिंग ही चैन नाही. पूर्ण थ्रॉटलला लॅम्डा (गरजेच्या मानाने प्रत्यक्ष हवा; १ म्हणजे नेमकी) ०.८७ ते ०.९०. एएफआरच्या (हवा-इंधन प्रमाणाच्या) आकड्यात बोलू नका. इंधन बदललं की तो आकडा फसवतो. इंजेक्टर साफ करून प्रवाह मोजून घ्या, चौघांत दोन-तीन टक्क्यांहून जास्त फरक नको. जुन्या रबरी नळ्या आणि इंजेक्टरच्या ओ-रिंगा इथेनॉलला टिकणाऱ्या रबराच्या घाला.

पहिली सुरुवात

प्लग काढा, इंजेक्टरचा फ्यूज काढा आणि गेजवर ऑइल प्रेशर येईपर्यंत स्टार्टर मारा. दिव्यावर विसंबू नका. दिवा लागेपर्यंत उशीर झालेला असतो, म्हणून गेज कायमचंच बसवा. ऑइल साधं मिनरल. सुरू झाल्यावर गळती नाही बघून लगेच दोन हजारच्या वर, वर-खाली करत वीस मिनिटं. नवे कॅम आणि रॉकर आयडलला नीट भिजत नाहीत.

मग गाडी रस्त्यावर काढा. रिंगा बसतात त्या दाबाने. गाडी हळू चालवून त्या बसत नाहीत. तिसऱ्या गिअरमध्ये अडीच हजारवरून साडेचार हजारपर्यंत अर्ध्याहून जास्त थ्रॉटलने न्या, पाय काढून इंजिनाच्या ब्रेकवर खाली येऊ द्या, असं पंधरा-वीस वेळा. मोकळा, थोडा चढउताराचा रस्ता निवडा. मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये रनिंग-इन होत नाही. पन्नास किलोमीटरवर ऑइल आणि फिल्टर बदला, पुन्हा पाचशेवर, आणि सिंथेटिक हजार-दीड हजारनंतरच. पहिला फिल्टर कापून कागद उन्हात उलगडून बघा. करडी बारीक पूड चालेल. चुंबकाला न चिकटणारे चकाकते कण म्हणजे बेअरिंग, तिथेच थांबा.

पाचशे किलोमीटरला टॅपेटची फट थंड इंजिनावर पुन्हा तपासा, ०.१५ मिमीच्या आसपास, नेमकं माप तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमधून. कॉम्प्रेशन पुन्हा घ्या. आता चारही आकडे जवळजवळ सारखे यायला हवेत.

ट्रॅकवर जाण्याआधी ऑइल डिपस्टिकच्या वरच्या खुणेपर्यंत, ५डब्ल्यू-४० किंवा १०डब्ल्यू-४०. गरम इंजिनावर तीन-चार हजारला तीन किलोच्या वर प्रेशर हवं. पहिल्या सत्रात पाच फेऱ्यांहून जास्त नको, आणि लांब वळणात काटा खाली झुकतो का ते डोळ्यांनी बघा, नाहीतर कॅमेरा लावा. झुकत असेल तर वेग नाही, ऑइल चेंबर बदलायचा. ऑइलचं तापमान १२० अंशांपर्यंत ठीक, १३० ला आत या. दोन-तीन सत्रांत ते तिथेच जात असेल तर ऑइल कूलर लावा, मात्र थर्मोस्टॅट प्लेटसकट; नाहीतर सकाळी ऑफिसला जाताना ऑइल कधी तापतच नाही. ट्रॅकच्या दिवसानंतर ऑइल बदला, किलोमीटर कितीही कमी झाले असोत.